दोन्ही अर्ज तुमच्याच हातचे

गफूरभाई, आपलं भांडण अर्धंच राहिलं. तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले, आणि अजून तुम्हाला द्यायची उत्तरं माझ्या तोंडात तयार असतात. सकाळी दाढी करताना मी चक्क मोठ्यानं म्हटलं, "पण त्या बाईचा अर्ज तुम्ही लिहिलाच काहून?" स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, कोणाशी बोलून राहिले? मी म्हटलं, गफूरभाईशी. इतक्या वर्षांत तिलाही तुमची सवय झाली होती.

यवतमाळच्या कोर्टाच्या व्हरांड्यात सतरंजीचा तुकडा आणि पत्र्याची पेटी घेऊन तुम्ही उभं आयुष्य काढलंत. ज्याला लिहिता येत नाही त्यानं समोर बसायचं, बोलायचं, आणि अर्जनवीसानं ते कागदावर उतरवायचं. पण मला तुम्ही लिहिताना आठवतच नाही. आठवता ते विचारताना. बांधाच्या तक्रारीसाठी आलेल्या माणसाला तुम्ही त्याच्या बैलांची नावं विचारायचे. वकील लोक हसायचे, की गफूरकडे अर्ज कमी आणि चौकशी जास्त. तुम्ही म्हणायचे, बैलाचं नाव सांगताना माणूस खोटं बोलत नाही, तिथून सुरुवात केली की पुढचंही खरं येते. माझ्या बाबतीत मात्र तुमचा हा नियम चालला नाही, आणि ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

आपली ओळख माझ्या खोटेपणापासून झाली. आपला मुलूख मुंबई राज्याला जोडला गेला, त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. मी बाभुळगावकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेचा हेडमास्तर होतो. गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा. तांड्यातला फुलसिंग चौथीनंतर शाळा सोडून गुरं राखायला लागला होता. एक दिवस त्याची गुरं पिकात शिरली. महादेव नावाचा रखवालदार ती कोंडवाड्याकडे हाकलायला लागला, दोघांची झोंबाझोंबी झाली, आणि फांद्या तोडायला आणलेली कुऱ्हाड पोरानं चालवली. महादेव तिथंच गेला. मागं बायको सुभद्राबाई आणि मुलगा गणपत. फुलसिंगनं काही नाकारलं नाही. कुऱ्हाड कुठं टाकली तेही त्यानंच दाखवलं. तेव्हा खटल्यात प्रश्न उरला तो एवढाच, की याचं वय किती.

माझ्या दाखलखारीज रजिस्टरप्रमाणे त्याला अठरा पूर्ण होऊन चार महिने झाले होते. मला साक्षीला बोलावलं. नोंद तुमच्या हातची? हो. बरोबर आहे? मी म्हटलं, बरोबर आहे. पिंजऱ्यातून फुलसिंगनं मला पाहिलं आणि हात जोडले, मीच शाळेत शिकवला होता तसा सरळ बोटांचा नमस्कार. त्याला फाशी झाली. वरच्या कोर्टानंही तीच कायम केली, की आरोपी जाणता आहे. राहिला होता फक्त दयेचा अर्ज.

तो लिहून घ्यायला त्याची आई धानीबाई तुमच्या सतरंजीवर बसली होती. मी दुसऱ्याच कामानं कचेरीत आलो होतो आणि मान खाली घालून चाललो होतो. तुम्ही हाक मारलीत. तुमच्या मांडीवर माझ्या रजिस्टरच्या त्या पानाची नक्कल होती. तुम्ही चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी शांतपणे विचारलंत, "मास्तर, अख्खा तांडा एकाच दिवशी बाळंत झालता काय?"

त्या पानावर तांड्यातली अकरा पोरं होती आणि अकरांची जन्मतारीख एकच होती, पहिली जुलै. सालही एकच. वकिलांनी पाहिलं ते फुलसिंगच्या नावासमोर. बाकीच्या दहा नावांसमोर पाहायचं सुचलं ते तुम्हालाच.

ही आम्हा गुरुजी लोकांची रीतच होती. पट भरला नाही तर शाळा मोडायची. आणि पटावर चालायचं ते सहा वर्षं पूर्ण झालेलंच पोर. गावातल्या पोराचा जन्म निदान कोतवाल बुकात सापडायचा, कारण कोतवाल गावातले जन्ममृत्यू लिहून ठेवायचा. तांडा गावठाणाच्या बाहेर, तिथं कोतवाल कशाला जातो? मग आम्ही तांड्यात जायचो, दिसतील ती पोरं गोळा करायचो, आणि शाळा जुलैत उघडते म्हणून सगळ्यांना त्या जुलैत सहा पूर्ण करून टाकायचो. त्यात कोणाचं वाईट करायचं मनातही नव्हतं. पोरं शिकतील, शाळा राहील, साहेब खूश. या तारखेवर पुढं कोणाची मान ठेवली जाईल हे कोणाच्या डोक्यात येणार?

हे सगळं मी त्या दिवशी तुम्हाला सांगितलं नाही. मी म्हटलं, रेकॉर्ड ते रेकॉर्ड. आणि तिथून निघालो. आठ दिवसांनी तुम्ही माझ्या शाळेत हजर. सोबत वर्तमानपत्राचा एक कपटा, वाचनालयाच्या अंकातून कापलेला. त्यासाठी ग्रंथपालानं तुम्हाला चार लोकांत झापलं होतं, आणि त्याचं तुम्हाला काहीच वाटलं नव्हतं. बातमी बोटभर होती. दूर परदेशात सगळ्या देशांची सभा भरली आहे, आणि अठरा वर्षांच्या आत ज्यानं गुन्हा केला त्याला कोणत्याच देशानं फाशी देऊ नये, असं लिहून ठेवावं का, यावर तिथं चर्चा चालू आहे.

तुमचा चेहरा मेळ्यातल्या पोरासारखा झाला होता. एवढे मोठे मोठे लोक विमानानं एका जागी येतात आणि फुलसिंगसारख्याचा विचार करतात, याचंच तुम्हाला नवल. आणि मग प्रश्नांची सर. अठराच काहून? सतरा काहून नाही, वीस काहून नाही? कोणी ठरवलं? त्यांच्याकडे तांडे असतील का? त्यांच्या मास्तरलाही पट भरावा लागत असेल का? मी वैतागून म्हटलं, अहो, कुठंतरी रेघ मारावीच लागते, पासाच्या मार्कांसारखी. तुम्ही कपटा घडी करून खिशात ठेवला.

मग म्हणालात, "एक मार्क कमी पडला तं तुमी पोराले पुढच्या साली बसवता, मास्तर. याले पुढचं साल कुठून आणता?"

मी त्या दिवशीही हो म्हटलं नाही. बायको, दोन पोरं, नोकरी. कोर्टात शपथेवर सांगितलेलं खोटं होतं असं लिहून दिलं, तर मलाच कोण आत टाकणार नाही? तुम्ही जोर केला नाही. म्हणालात, चला, तांड्यात तर जाऊन येऊ, पोराचं खरं वय किती ते तर पाहू, मलेच उत्सुकता आहे. मास्तर असून मला ती उत्सुकता कधी झाली नव्हती, याची तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली.

तांड्याच्या नायकानं बाज टाकली. धानीबाई जमिनीवर बसली. तुम्ही तिला फुलसिंगच्या जन्माचं विचारलं नाहीच. आधी तिच्या गुरांचं विचारलं, मग कोणाच्या शेतात कामाला जायची ते, मग पहिली पोरगी कधी झाली ते. ती सांगत गेली. हा पोटात होता तेव्हा ती गावातल्या शेतांत कापूस वेचायला जायची, वेचणीच्याच दिवसात हा झाला, महिन्याभरात ती त्याला घेऊन परत वेचायला गेली. तिथं आणखी कोण होतं, असं तुम्ही विचारलं आणि ती एकदम थांबली. पदर तोंडाला लावला. नायक म्हणाला, याडी दमली, आईला आता नका विचारू. परत येताना सायकल हातात धरून चालत तुम्ही एकच म्हणालात, की बाई कुठंतरी येऊन अडली, ते नाव काय असेल? मी म्हटलं, तिचं पोर फासावर चाललं आहे, अडणारच. तुम्ही मान हलवलीत, पण पटलं नव्हतं.

त्या वाटेवरच मी हलफनामा द्यायला तयार झालो. तो तुम्ही लिहिला, मी सांगितला. तारीख मी लिहिली होती, जन्माचा कोणताही पुरावा न पाहता लिहिली होती, कोर्टात ती बरोबर म्हणून सांगितली ती चूक झाली. एवढं झाल्यावर तुम्ही लेखणी थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. विचारलंत, पोराचं वय तेव्हा तुम्हाला माहीतच नव्हतं, की माहीत असून वाढवलं? मी म्हटलं, अंदाजानं लिहिलं. तुम्ही लिहिलंत, 'अंदाजाने'. मी सही केली.

त्या सभेलाही तुम्ही पत्र धाडलंत, आठवते ना? इंग्रजी शाळेच्या मास्तरकडून तर्जुमा करून घेतला. तुमचा मजकूर मला पाठ आहे. अठराची रेघ मारून राहिले ते फार चांगलं काम आहे, पण ज्याची जन्मतारीख मास्तरनं लिहिली त्याचं काय करायचं, तेही त्यात लिहा. माझी नालस्ती विमानानं परदेशात चालली म्हणून मी तुमच्यावर किती चिडलो होतो! पाच-सहा महिन्यांनी एक छापील कार्ड आलं, पत्र मिळाले एवढंच. ते तुम्ही अख्ख्या व्हरांड्याला दाखवलं, असं मला मागून कळलं. म्हणालात, पोचलं ना, आता त्यांना विचार करू द्या.

पण हे कार्ड यायच्या आधीच आपलं बिनसलं होतं. हलफनामा गेला त्याच्या पंधरवड्यात मी तुमच्याकडे आलो, तर सतरंजीवर सुभद्राबाई. महादेवची विधवा. तिला मी लांबून ओळखलं. ती बोलत होती आणि तुम्ही खाली मान घालून लिहीत होता. ती उठून गेल्यावर मी विचारलं, कशाचा अर्ज? तुम्ही म्हणालात, दया करू नये, फाशी द्यावी, म्हणून. मला वाटलं मस्करी करता. तुम्ही मस्करी करत नव्हता. मी नोकरी पणाला लावून ज्या पोरासाठी सही केली, त्याच्याच विरुद्ध तुमचा हात चालतो? तुम्ही म्हणालात, "जो समोर बसते त्याचं लिहितो, मास्तर. तिचा माणूस मेला. तिनं कुठं जावं?" मी म्हटलं, दुसऱ्या अर्जनवीसाकडे जावं. काय लिहिलं ते दाखवा. तुम्ही कागद पेटीत ठेवला, वर कुलूप घातलं आणि म्हणालात, ते बाईचं आहे, माझं नाही.

तुम्हाला मी तिथंच दुतोंडी म्हटलं. चार माणसांत म्हटलं. त्याची माफी मी नंतर कधी मागितली नाही, आणि तुम्हीही कधी तो विषय काढला नाही.

माझी हेडमास्तरकी गेली आणि बदली झाली ती थेट ढाणकीकडे. तिथं असताना दोन गोष्टी कानावर आल्या. एक, तहसिलीतून माणसं आमच्या जुन्या गावात येऊन कोतवाल बुक पाहून गेली. मला हसू आलं, की तांड्यातलं पोर त्यात कुठून सापडणार. आणि दुसरी, बऱ्याच महिन्यांनी, फुलसिंगची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. हुकमात कारण दिलेलं नव्हतं. कारण मला ठाऊक होतं. माझा हलफनामा.

परत यवतमाळला बदली झाली तेव्हा मीच तुमच्याकडे आलो. तुम्ही सतरंजीवर सरकून जागा केलीत, जसं काही मी कालच गेलो होतो. तेव्हापासून दर रविवारचा चहा. आणि दर रविवारी फिरून फिरून तेच. मी म्हणायचो, माझ्या कागदानं पोर वाचलं, तुमच्या कागदानं मेलं असतं. किती लोकांसमोर म्हटलं असेल! तुमच्या हमीदच्या लग्नात पंगतीत म्हटलं. तुम्ही प्रत्येक वेळी मान डोलवायचे. "सही करायले मास्तरले काळीज लागलं," असं उलट तुम्हीच लोकांना सांगायचे. बाईच्या अर्जात काय होतं विचारलं की मात्र तेच उत्तर, ते बाईचं आहे. फुलसिंग तुरुंगात विणकाम शिकला, त्याची खुशाली आली की तुम्ही मला वाचून दाखवायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचो.

परवा हमीदनं मला बोलावलं. अब्बांची पेटी मला उघडवत नाही, तुम्हीच पाहा मास्तरचाचा, म्हणाला. सगळ्या अर्जांचे कच्चे कागद सालावार बांधलेले, सुतळीनं. मी दुसरं काहीच पाहिलं नाही, त्या सालाची गठडी सोडली. सुभद्राबाईचा अर्ज दोन पानं होता. तुम्ही एक शब्द पातळ केला नव्हता. माझा धनी कुऱ्हाडीनं तोडला, माझं लेकरू उघड्यावर पडलं, मारणाऱ्याला सरकारनं दया करू नये. मला वाचवेना इतकं ते खरं होतं. इतकी वर्षं मी त्या बाईच्या दुःखाचा विचार तुमच्यावर चिडण्यापुरताच केला, हे तिथं बसल्या बसल्या कळलं.

आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर ही ओळ. 'मारणारा मला परका नाही, तो माझ्या गणपतहून महिनाभर लहान, कापूस वेचताना त्याची आई आणि मी दोघींची लेकरं एकाच झोळीत निजवत होतो.'

धानीबाई जिथं अडली ते नाव हे होतं. ज्याचं घर आपल्या पोरानं मोडलं त्या घराचं नाव तिच्या तोंडून निघालं नाही. आणि गणपत गावातला. त्याचा जन्म कोतवाल बुकात लिहिलेला. तहसिलीच्या माणसांनी फुलसिंगचं नाव शोधलंच नव्हतं, त्यांनी गणपतचं पान काढलं होतं. त्या हिशेबानं फुलसिंग तेव्हा सोळाचा. स्वतःच्याच रजिस्टरला खोटं म्हणणाऱ्या मास्तरवर कोण विश्वास ठेवतो? फाशी मागणाऱ्या बाईनं सांगितलेल्या वयावर मात्र कोणीही ठेवील.

गफूरभाई, तुम्ही मला हे सांगितलं नाही. पंगतीत मी छाती पुढं काढून बोलत होतो आणि तुम्ही वाढप्याला सांगत होता, मास्तरला आणखी वाढ. एका शब्दानं तुम्ही माझं तोंड बंद करू शकत होता. पहिल्यांदा मला तुमचा राग आला. मग रडू आलं, हमीदसमोरच.

आणि मग तुमच्यासारखेच प्रश्न यायला लागले. ही ओळ बाईनं आपणहून सांगितली, की तुम्ही काढून घेतली? तिला काही कळू न देता तुम्ही तिच्याच अर्जात तिच्या वैऱ्याचा बचाव घालून दिला का? मग तर मी म्हटलं तेच खरं, दुतोंडी. तुम्ही असता तर म्हणाला असता, इथं बसून काय विचारता, जाऊन विचारा. म्हणून काल मी गेलो.

सुभद्राबाई थकल्या आहेत. गणपत शेतात गेला होता. मी तुम्ही गेल्याचं सांगितलं, त्यांनी कपाळाला हात लावला. मग मी विचारलं ते सरळ विचारलं.

म्हणाल्या, "त्याइनं मले विचारलं, हा पोरगा तुमी कवापासून पाह्यला? मी म्हनलं, जन्मापासून. झोळीचं सांगतलं. त्याइनं लेहलं अन् मले दोनदा वाचून दाखोलं. म्हने, बाई, या एका ओळीनं पोरगं वाचू शकते, ठेवू का खोडू? मी घरी गेली, रातभर इचार केला, दुसऱ्या दिशी येऊन सांगतलं, राहू द्या. मी फाशी मांगून राह्यली होती, खोटं नाई."

म्हणजे तिला ठाऊक होतं. तुम्ही सांगितलं होतं, कागद एक रात्र अडवून धरला होता, आणि निवाडा तिच्याकडे दिला होता. सगळ्या देशांची ती सभा अजून त्या रेघेवर बोलतच आहे म्हणतात. या बाईनं ते कोणाला न विचारता एका रात्रीत उरकलं होतं. मला हे सगळं तुम्हाला लगेच येऊन सांगावंसं वाटलं, आणि तुम्हाला ते माझ्याआधी आठ वर्षांपासून ठाऊक आहे हे लक्षात आलं.

मी उठलो. त्या ओट्यापर्यंत आल्या आणि माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "तुमी शायेतले मास्तर नं? नाव घालाले तुमीच आलते तांड्यात. ते लेकरू बहिनीच्या कडेवर होतं तवा, चार सालाचंबी नसन. गणपतले नाई घेतलं तुमी, लहान हाय म्हनून. तुमाले तं माहीतच होतं नं त्याचं वय?"

मी म्हटलं, होतं.